रॉ फोटो खरंच अंडरएक्सपोज झालाय, की नुसता काळा दिसतोय?

कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो छान दिसत होता. लॅपटॉपवर घेतला, सॉफ्टवेअरमध्ये उघडला, पहिले एक-दोन सेकंद तसाच दिसला आणि मग डोळ्यांदेखत काळवंडला. प्रोजेक्टसाठी रॉमध्ये फोटो काढायला लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाची ही पहिली तक्रार असते. आणि त्यावरचा पहिला उपायही ठरलेला असतो : एक्सपोजरचा स्लायडर धरायचा आणि फोटो ‘बरा’ दिसेपर्यंत उजवीकडे ओढायचा.

लग्नाचे फोटो असतील तर खुशाल ओढा. पण फोटो हाच तुमचा डेटा असेल, म्हणजे पानांचा हिरवेपणा, फुलांचा रंग, दगडाच्या पातळ छेदातली खनिजं किंवा पेट्री डिशमधल्या वसाहती तुम्ही त्यातून मोजणार असाल, तर थांबा. प्रत्येक फोटोला डोळ्यांना पटेल तेवढा वेगळा उजेड दिला, तर पानापानांतला फरक मोजताय की तुमच्या त्या त्या दिवशीच्या मूडमधला, हे नंतर कुणालाच सांगता येणार नाही. आणि उलटही होतं. फोटो ‘वाया गेले’ असं समजून कुणी पुन्हा फील्डवर जायची तयारी करतं, आणि फाइलमधला डेटा मात्र ठणठणीत असतो. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. तिचे फोटो काळे दिसले म्हणून ‘पुढच्या आठवड्यात परत काढू’ असं म्हणता येत नाही. त्यामुळे स्लायडरला हात लावण्याआधी निदान व्हायला हवं.

दोन वेगळी विधानं

‘फोटो काळा दिसतोय’ आणि ‘फोटोला प्रकाश कमी मिळाला’ ही दोन वेगवेगळी विधानं आहेत. पहिलं विधान स्क्रीनबद्दल आहे. दुसरं सेन्सरबद्दल आहे. या दोघांच्या मध्ये निदान पाच-सहा पायऱ्या आहेत आणि त्यातली कुठलीही एक पायरी फोटो काळा दाखवू शकते. एक्सपोजर या शब्दाचा नेमका अर्थ आहे सेन्सरवर प्रत्यक्ष पडलेला प्रकाश. तो समोरचा उजेड, अ‍ॅपर्चर आणि शटर स्पीड यांवर ठरतो आणि शटर बंद झालं की कायमचा ठरतो. सॉफ्टवेअरमधल्या स्लायडरचं नाव एक्सपोजर असलं तरी तो प्रकाश वाढवत नाही. तो फक्त आकड्यांना गुणतो.

हा सगळा लेख या एका फरकाबद्दल आहे.

रॉ फाइलमध्ये असतं तरी काय?

रॉ फाइल हे तयार चित्र नसतं. ती सेन्सरने मोजलेल्या आकड्यांची तक्ता-वही असते. बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सरवर बायर फिल्टर असतो. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांच्या या रचनेचं पेटंट १९७६ सालचं आहे. त्यात निम्मे पिक्सेल फक्त हिरवा, पाव पिक्सेल फक्त लाल आणि पाव पिक्सेल फक्त निळा प्रकाश मोजतात. म्हणजे रॉमधल्या एका पिक्सेलपाशी एकच आकडा असतो, तीन नाही. उरलेले दोन रंग सॉफ्टवेअर शेजाऱ्यांकडे बघून अंदाजाने भरतं.

आपल्या प्रश्नासाठी त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की हे आकडे लिनिअर असतात. प्रकाश दुप्पट झाला की आकडाही दुप्पट. १२-बिट फाइलमध्ये ४०९६ पातळ्या असतात आणि १४-बिटमध्ये १६,३८४. आपले डोळे मात्र असे चालत नाहीत. छायाचित्रकार मोजमापासाठी जे करडं कार्ड वापरतात ते पडलेल्या प्रकाशापैकी १८ टक्केच प्रकाश परत फेकतं, पण आपल्याला ते काळ्या-पांढऱ्याच्या साधारण मधोमध वाटतं.

आता हिशोब करून बघा. पूर्ण पांढरा म्हणजे २५५ धरला तर लिनिअर आकड्यांत करडं कार्ड येतं २५५ च्या १८ टक्क्यांवर, म्हणजे ४६ वर. पण एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत तेच करडं ११८ वर असायला हवं, कारण त्या पद्धतीत गडद भाग उचलणारी एक वक्ररेषा आधीच गृहीत धरलेली असते. लिनिअर आकडे त्या वक्ररेषेशिवाय जसेच्या तसे स्क्रीनवर टाकले तर ११८ च्या जागी ४६ दिसणार. फोटो जवळपास काळा. आणि यात एक्सपोजरची चूक शून्य!

म्हणजे रॉ फाइल ‘बघायची’ तर कुणीतरी काहीतरी ठरवावंच लागतं : काळा कुठे, पांढरा कुठे, मधला भाग किती उचलायचा, कॉन्ट्रास्ट किती द्यायचा. कॅमेरा हे एका पद्धतीने ठरवतो आणि तुमचं सॉफ्टवेअर दुसऱ्या.

मग आधी दिसलेला उजळ फोटो कुणाचा?

तो कॅमेऱ्याने बनवलेला जेपेग होता. रॉमध्ये फोटो काढला तरी कॅमेरा त्याच फाइलच्या पोटात एक तयार जेपेग ठेवून देतो. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर आपण तोच बघतो. लाइटरूमसारखं सॉफ्टवेअर इम्पोर्ट करताना वेळ वाचवायला आधी तोच दाखवतं आणि मग स्वतःच्या पद्धतीने रॉ उलगडून त्या जागी आपलं चित्र ठेवतं. ‘डोळ्यांदेखत काळवंडला’ तो हाच क्षण. एका फोटोचं काही बिघडलेलं नाही, तुम्ही पाठोपाठ दोन वेगवेगळी चित्रं पाहिलीत.

एवढंच असतं तर दोन चित्रांत उन्नीस-बीसचा फरक पडला असता. पण फरक कधी एका स्टॉपचा पडतो, कधी दोन स्टॉपचा. (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश.) याची दोन मोठी कारणं आहेत.

पहिलं कारण : आयएसओचा आकडा रॉबद्दल बोलतच नाही

आपल्याला वाटतं की आयएसओ १०० म्हणजे सेन्सरची ठरावीक संवेदनशीलता. पण कॅमेऱ्यांच्या संवेदनशीलतेचं जे मानक आहे, आयएसओ १२२३२, त्याच्या २००६ च्या आवृत्तीत एकाहून जास्त व्याख्या आहेत. एका व्याख्येत सेन्सर कुठे भरून जातो त्यावरून आकडा ठरतो आणि तिथे १८ टक्के करडं हे भरलेल्या पातळीच्या १२.७ टक्क्यांवर येतं, म्हणजे वर अर्धा स्टॉप जागा राखलेली असते. दुसऱ्या व्याख्येत पाहिलं जातं ते तयार एसआरजीबी चित्र : करडं तिथे ११८ वर आलं की झालं. तिसरीत शिफारस केलेलं एक्सपोजर ठरवायचं काम निर्मात्यावरच सोडलेलं आहे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या व्याख्येचा परिणाम लक्षात आला का? कॅमेऱ्याच्या जेपेगमध्ये करडं बरोबर दिसलं म्हणजे पुरे. रॉमध्ये ते कितीवर असावं याचं बंधन नाही. त्यामुळे पांढरे ढग, पांढरी फुलं फाटू नयेत म्हणून निर्माता सेन्सरवर थोडा कमी प्रकाश घेऊ शकतो आणि जेपेग बनवताना मधला भाग उचलून देऊ शकतो. हे पूर्णपणे नियमात बसतं. बाहेरच्या सॉफ्टवेअरला मात्र ‘या मॉडेलला किती उचलायचं’ हे माहीत असावं लागतं. अ‍ॅडोबीच्या डीएनजी फाइलमध्ये यासाठी बेसलाइन एक्सपोजर नावाची खास नोंद असते. डार्कटेबल त्याच्या सीन-रेफर्ड पद्धतीत सुरुवातच थोडं एक्सपोजर वाढवून करतं. ज्या सॉफ्टवेअरमध्ये असं काही नसतं, तिथे फोटो काळा उघडतो.

दुसरं कारण : कॅमेऱ्यातले ‘मदतनीस’

निकॉनमध्ये अ‍ॅक्टिव्ह डी-लायटिंग असतं, कॅननमध्ये ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर आणि हायलाइट टोन प्रायॉरिटी, सोनीमध्ये डायनॅमिक रेंज ऑप्टिमायझर, फुजीफिल्ममध्ये डीआर २०० आणि डीआर ४००. सगळ्यांचा हेतू सारखाच : उन्हातला भाग फाटू नये आणि सावलीतलंही दिसावं. पण काम करायची पद्धत दोन प्रकारची आहे, आणि आपल्याला फरक पडतो तो इथे.

पहिल्या प्रकारात मदतनीस फक्त जेपेगमधल्या सावल्या उजळतो आणि रॉला हात लावत नाही. कॅननचं ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर या जातीचं. यात सॉफ्टवेअरमधला फोटो जेपेगपेक्षा काळा दिसला तरी रॉला प्रकाश नेहमीइतकाच मिळालेला असतो.

दुसऱ्या प्रकारात कॅमेरा रॉ मुद्दाम कमी भरतो आणि जेपेगमध्ये भरपाई करतो. फुजीचं डीआर ४०० हे याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण. त्यात रॉमधले आकडे नेहमीपेक्षा दोन स्टॉप खाली, म्हणजे चौथ्या हिश्शावर येतात. म्हणूनच डीआर ४०० लावलं की कॅमेरा सगळ्यात कमी आयएसओ वापरूच देत नाही. कॅननचं हायलाइट टोन प्रायॉरिटी आणि निकॉनचं अ‍ॅक्टिव्ह डी-लायटिंगही रॉ कमी भरण्याकडे झुकतात. सॉफ्टवेअरने ही नोंद वाचून भरपाई केली तर ठीक, नाही वाचली तर तुमच्यासमोर अंधार.

‘मी तर काहीच सेट केलं नव्हतं’ असं म्हणत असाल तर आधी मेनू बघा. डिपार्टमेंटचा कॅमेरा दहा हातांतून गेलेला असतो आणि यातल्या काही सोयी काही मोडमध्ये आपोआप चालू असतात.

निदानाचा क्रम

डॉक्टर जसा आधी ताप मोजतो आणि मग औषध लिहितो, तसंच करायचं. खालच्या पायऱ्या याच क्रमाने करा, कारण सोप्या आणि स्वस्त तपासण्या आधी आहेत.

१. त्याच सॉफ्टवेअरमध्ये एखादा ओळखीचा, नेहमी नीट दिसणारा जेपेग उघडा. तोही काळा दिसला तर दोष फोटोचा नाही. स्क्रीनचा ब्राइटनेस किंवा मॉनिटरचं कलर प्रोफाइल बिघडलेलं असणार. तोच जेपेग दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये नीट दिसला तर प्रोफाइलवर संशय आणखी पक्का होतो.

२. सॉफ्टवेअर इम्पोर्ट करताना एखादा प्रीसेट लावतंय का, ते बघा. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर काम करताना हे हमखास निघतं. फाइलच्या शेजारी एक्सएमपी नावाची छोटी जोड-फाइल पडली असेल तर आधीच्या माणसाच्या सेटिंग्जही तिच्यासोबत येऊ शकतात. सगळं रिसेट करून पुन्हा बघा.

३. तोच रॉ कॅमेरा कंपनीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, सोनीचं इमेजिंग एज ही मोफत मिळतात. ती कॅमेऱ्यातल्या सेटिंग्जच्या नोंदी वाचतात. तिथे फोटो उजळ आणि तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये काळा असेल, तर फरक रॉ उलगडण्याच्या पद्धतीत आहे. लाइटरूममध्ये अशा वेळी प्रोफाइल बदलून ‘कॅमेरा मॅचिंग’ गटातलं घेतलं, किंवा रॉ डिफॉल्ट ‘कॅमेरा सेटिंग्ज’ वर ठेवलं, तर बराच फरक भरून निघतो.

४. फाइलमधल्या नोंदी वाचा. एक्झिफटूल हे मोफत साधन कॅमेऱ्याने लिहून ठेवलेलं सगळं काही दाखवतं : शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ, एक्सपोजर कॉम्पेन्सेशन आणि वर सांगितलेल्या मदतनिसांपैकी कोण चालू होता ते. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन उणे एकवर राहून गेलं असेल तर ते इथे लगेच सापडतं.

५. शेवटी रॉचे खरे आकडे बघा. रॉडिगर किंवा फास्टरॉव्ह्यूअरसारखी साधनं कुठलीही वक्ररेषा न लावता रॉचा हिस्टोग्राम दाखवतात. लाइटरूममधला हिस्टोग्राम उलगडलेल्या चित्राचा असतो आणि कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचा जेपेगचा. रॉबद्दल थेट बोलणारा साक्षीदार हा एकच.

कॅमेऱ्याच्या स्क्रीनबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. संध्याकाळी, जंगलात किंवा अंधाऱ्या लॅबमध्ये ती छोटी स्क्रीन आपल्याला प्रत्यक्षापेक्षा खूप उजळ वाटते. ‘स्क्रीनवर तर छान दिसत होता’ ही साक्ष तिथे फारशी उपयोगी नाही.

आकड्यांवर एक उदाहरण

समजा तुमचा कॅमेरा १४-बिट आहे. बहुतेक कॅमेरे अंधारातही शून्य नोंदवत नाहीत, वर एक ठरावीक आकडा मिळवतात. त्याला ब्लॅक लेव्हल म्हणतात. तुमच्या कॅमेऱ्यात तो ५१२ आहे असं धरू. सेन्सर पूर्ण भरल्यावर आकडा १५,५१२ वर थांबतो (१६,३८३ पर्यंत तो पोचेलच असं नाही). म्हणजे खरी वापराची पट्टी १५,००० ची. करड्या कार्डाच्या हिरव्या पिक्सेलची सरासरी आली २०१२.

२०१२ वजा ५१२ म्हणजे १५००. १५,००० पैकी १५००, म्हणजे १० टक्के.

सॉफ्टवेअरने भरलेल्या पातळीला पांढरा मानून नुसती एसआरजीबीची वक्ररेषा लावली तर हे १० टक्के स्क्रीनवर साधारण ८९ वर येईल. कॅमेऱ्याचा जेपेग तेच करडं ११८ वर दाखवत होता. फोटो जवळजवळ पाऊण ते एक स्टॉप काळा दिसेल आणि तुम्ही म्हणाल, ‘अंडरएक्सपोज!’ पण मघाचं मानक आठवा. १२.७ टक्के जिथे रीतसर मानले जातात, तिथे १० टक्के म्हणजे जेमतेम एक-तृतीयांश स्टॉपचा फरक. ही फाइल निरोगी आहे.

आता हाच फोटो रॉ दोन स्टॉप खाली ठेवणाऱ्या सेटिंगमध्ये काढला तर १० टक्क्यांचे होतील अडीच टक्के, आणि स्क्रीनवर दिसेल साधारण ४४. इथे मात्र फाइलमध्ये खरोखर कमी प्रकाश आहे. सांगायचा मुद्दा हा की ८९ असो वा ४४, डोळ्यांना दोन्ही ‘काळंच’ दिसतं. कुठलं काळं नुसतं दिसण्यापुरतं आणि कुठलं खरं, हे आकडे पाहिल्याशिवाय कळत नाही.

खरंच कमी प्रकाश मिळाला असेल तर?

तर जे गेलं ते गेलं, पण किती गेलं हे मोजता येतं. प्रकाश कणांनी येतो आणि त्या कणांच्या मोजणीत मुळातच अनिश्चितता असते. एका पिक्सेलने १०,००० इलेक्ट्रॉन मोजले तर त्यातला चढउतार असतो १०,००० च्या वर्गमुळाइतका, म्हणजे १०० : एक टक्का. दोन स्टॉप कमी प्रकाशात मोजले जातील २५०० आणि चढउतार होईल ५० : दोन टक्के. चार स्टॉप कमी असेल तर ६२५ ला २५, म्हणजे चार टक्के. शिवाय सेन्सरचा स्वतःचा इलेक्ट्रॉनिक गोंगाट वेगळा, आणि गडद भागात तोच जास्त टोचतो.

स्लायडर ओढल्यावर सिग्नल आणि गोंगाट दोन्ही सारखेच गुणले जातात. टक्केवारी आहे तिथेच राहते. त्यामुळे प्रश्न असा विचारायचा : मला जो फरक मोजायचाय तो या टक्केवारीपेक्षा मोठा आहे का? दोन गटांतल्या पानांच्या उजळपणात वीस टक्क्यांचा फरक अपेक्षित असेल आणि तुम्ही हजारो पिक्सेलची सरासरी घेणार असाल, तर दोन स्टॉप काळा फोटोही कामाचा आहे. टाकून देऊ नका. पण बारीक पोत किंवा कडा शोधायच्या असतील तर तोच फोटो अडचणीचा ठरू शकतो. उलट बाजूने, जिथे सेन्सर भरून गेला तिथली माहिती मात्र अजिबात परत मिळत नाही. पांढरी फुलं मोजायची असतील तर थोडा काळा फोटो फाटलेल्या फोटोपेक्षा कधीही बरा.

पायथनमध्ये रॉ उघडणाऱ्यांसाठी

आपल्यातले बरेच जण लाइटरूम उघडतही नाहीत. थेट रॉपाय वापरतात. हे लिब्रॉवर चालतं आणि लिब्रॉची मुळं डेव्ह कॉफिन यांच्या डीसीरॉमध्ये आहेत. इथे तीन खड्डे आहेत.

पहिला खड्डा उजळपणाचा. या घराण्यातली साधनं सांगितलं नाही तर ऑटो ब्राइट करतात : ठरावीक थोडे पिक्सेल पांढरे होऊन जातील इतकं चित्र आपोआप उजळतात, आणि हा गुणक प्रत्येक फोटोला वेगळा असतो. सकाळी आठचा आणि दुपारी बाराचा फोटो शेजारी ठेवले तर दोन्ही ‘सारखेच छान’ दिसतील, आणि जो फरक मोजायला तुम्ही दिवसभर उन्हात उभे होतात तोच पुसला जाईल. ‘नो ऑटो ब्राइट’ चालू केलं की चित्र काळवंडतं. विद्यार्थी घाबरून ते परत बंद करतात. घाबरू नका. मोजमापासाठी तेच काळं चित्र प्रामाणिक आहे.

दुसरा खड्डा ब्लॅक लेव्हलचा. रॉचा मूळ अ‍ॅरे थेट वाचला तर त्यातून ब्लॅक लेव्हल वजा झालेली नसते. वरच्या उदाहरणात वजाबाकी विसरलात तर २०१२ ला १५०० च्या जागी धराल आणि सगळी गुणोत्तरं बिघडतील, गडद भागात तर सगळ्यात जास्त.

तिसरा खड्डा डब्याचा. १२-बिट आकडे १६-बिट टिफमध्ये न ताणता ठेवले तर सगळ्यात पांढरा पिक्सेल ६५,५३५ पैकी ४०९५ वर असतो, म्हणजे सव्वासहा टक्क्यांवर. साध्या फोटो व्ह्यूअरमध्ये असं चित्र जवळपास काळं दिसतं. मायक्रोस्कोपच्या कॅमेऱ्यांत हा प्रकार रोजचा. इमेजजेमध्ये दाखवायची मर्यादा बदलली की ते लगेच उजळतं, आणि आतले आकडे तसेच राहतात. पण त्यानंतर ते ८-बिटमध्ये रूपांतरित केलंत तर स्क्रीनवर जी मर्यादा लावलीत तिच्याच हिशोबाने आकडे बदलतात. बघण्यासाठी केलेला बदल डेटात शिरतो तो असा.

वक्ररेषा लावल्यावर गुणोत्तरही बदलतं

‘मी तर फक्त गुणोत्तर काढतो, उजळपणाने काय फरक पडणार?’ हा प्रश्न रास्त आहे. समजा हिरव्याचा वाटा काढायचाय : हिरवा भागिले तिन्ही रंगांची बेरीज. लिनिअर आकडे लाल ०.१०, हिरवा ०.२०, निळा ०.०५ असतील तर उत्तर येतं ०.५७. एक्सपोजर दुप्पट केलं तरी ०.५७ च, कारण वरखाली सारखाच गुणक आहे. आता याच आकड्यांना एसआरजीबीची वक्ररेषा लावून मग गुणोत्तर काढा. उत्तर येतं ०.४५. पान तेच, उत्तर वेगळं. सॉफ्टवेअरने वर कॉन्ट्रास्टचा ‘एस’ आकाराचा वळसा आणि रंग गडद करणं हेही जोडलेलं असतं, त्यामुळे उत्तर फोटोच्या उजळपणावर अवलंबून राहू लागतं. लिनिअर आकड्यांवर केलेलं काम आणि जेपेगवर केलेलं काम एकाच तक्त्यात ठेवू नये ते यासाठी.

पुढच्या वेळी फोटो काढताना

मदतनीस सगळे बंद करा. एक्सपोजर मॅन्युअलवर ठेवा आणि एका मालिकेत बदलू नका. उजेड बदलतोच आहे अशी स्थिती असेल, उदाहरणार्थ कासच्या पठारावर ढग येत-जात आहेत, तर प्रत्येक फोटोच्या कडेला करडं कार्ड राहू द्या. नंतर सगळ्या फोटोंना कार्डाच्या आकड्यावरून एकाच नियमाने जुळवता येतं. रॉ फाइल कधीही बदलू नका, तिची एक प्रत वेगळ्या जागी ठेवा. उजळ चित्र हवंच असतं, प्रेझेंटेशनला आणि गाइडना दाखवायला. ते वेगळ्या फोल्डरमध्ये बनवा आणि मोजमाप त्यावर करू नका. प्रबंधाच्या ‘पद्धती’ प्रकरणात सॉफ्टवेअरचं नाव, आवृत्ती, ब्लॅक लेव्हल वजा केली का, ऑटो ब्राइट बंद होतं का आणि सगळ्या फोटोंना एकच सेटिंग होती का, एवढं लिहा. चार ओळींचं काम आहे, पण तोंडी परीक्षेत ‘हे फोटो तुम्ही उजळ केलेत का?’ या प्रश्नाचं उत्तर त्या चार ओळींत असतं.

रॉ काळा दिसला म्हणजे सॉफ्टवेअर तुम्हाला एवढंच सांगतंय की हे आकडे कसे दाखवायचे ते अजून कुणी ठरवलेलं नाही. ते तुम्ही ठरवा, पण आकडे वाचून, आणि ठरवल्यावर सगळ्या फोटोंना तोच नियम लावा.